मालदीवला पहिल्यांदा जाताय? मग व्हिला नंतर बघा, आधी रीफ बघा

मालदीवला जायचं ठरलं की सगळे आधी व्हिलाचे फोटो बघत बसतात. पाण्यावरची खोली, काचेची जमीन, खोलीतून थेट समुद्रात उतरणारी शिडी. छानच असतं ते, प्रश्नच नाही. पण तिथे राहून आल्यापासून मला कोणी विचारलं की मी एकच सांगते, बेट निवडायचं ते त्याच्या भोवतीची रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची भिंत बघून, खोली वगैरे सगळं त्याच्या नंतर. का ते दिवसवार लिहिते, म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्यांना खर्चाचा आणि वेळेचाही अंदाज येईल. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि माझी आई. आईला पोहता येत नाही आणि ती पक्की शाकाहारी आहे, तेव्हा ज्यांच्या घरात अशी माणसं आहेत त्यांनी हे जरूर वाचा.

निघायच्या आधी

व्हिसाचं टेन्शन घ्यायचं नाही, पर्यटकांना तो तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, फक्त परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा. मात्र इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म विमान सुटायच्या आधीच्या ९६ तासांत भरावा लागतो, जाताना एकदा आणि परत येतानाही. तोही फुकटच आहे, पैसे मागणाऱ्या भलत्याच साइटवर भरू नका.

दारू नेता येत नाही, अगदी ड्यूटी फ्रीची बाटलीसुद्धा नाही. रिसॉर्टवर मिळते, पण बाहेरून आणलेली विमानतळावर काढून घेतात आणि पावती देतात, परत जाताना ती दाखवून बाटली घ्यायची. व्हेप तर २०२४ च्या नोव्हेंबरपासून देशात आणायलाच बंदी आहे. पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत, म्हणून आईने तिच्या पर्समधला छोटा गणपती घरीच ठेवला.

महिना आम्ही मुद्दाम ऑक्टोबरचा घेतला. डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम, आकाश स्वच्छ, समुद्र शांत आणि दर चढे. मे ते नोव्हेंबर नैऋत्य मान्सून, पाऊस येतो जातो, वारा असतो, पण दर उतरतात आणि मांटा रे, म्हणजे पंख पसरल्यासारखे मोठे चपटे मासे बघायचे असतील तर बा अटॉल नावाच्या बेटांच्या कड्याला याच दिवसांत जायचं असतं. आम्हाला मांटा बघायचेच होते.

पहिला दिवस

वेलाना विमानतळ हुलहुले नावाच्या बेटावर आहे, आणि बेट म्हणजे जवळजवळ नुसती धावपट्टीच, विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं. बाहेर पडलं की रिसॉर्टचे काउंटर ओळीने असतात, आपलं नाव शोधायचं, पुढचं सगळं ते बघतात.

आता सीप्लेनचं नीट वाचा, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, ती रात्रीही जाते. लांबच्या बेटांना सीप्लेन, आणि ते फक्त उजेडात उडतं, पायलट डोळ्यांनी बघून पाण्यावर उतरवतो ना. म्हणजे तुमचं विमान दुपारी साडेतीननंतर पोचणार असेल तर त्या दिवशी सीप्लेन मिळेलच असं नाही, मग एक रात्र राजधानी माले किंवा तिच्या शेजारच्या हुलहुमालेला काढा, आणि रिसॉर्टच्या त्या रात्रीचे पैसे बहुतेक वाया. विमानाचं तिकीट काढण्याआधीच रिसॉर्टला ईमेल करून ट्रान्सफर कशाने आणि किती वाजेपर्यंत ते विचारा. दरही तेव्हाच विचारा, कारण जाऊन येऊन माणशी ४०० ते ६०० डॉलरच्या घरात जातात आणि खोलीच्या दरात हे बऱ्याचदा धरलेले नसतात.

सामानाची मर्यादा २० किलो आणि हातातलं ५ किलो, वर गेलं की किलोमागे पैसे. वेळापत्रक आदल्या संध्याकाळी ठरतं आणि एकाच फेरीत दोन तीन रिसॉर्टची माणसं असतात, त्यामुळे टर्मिनलवर थांबावं लागतं. आम्ही पावणेतीन तास थांबलो. आई कंटाळली होती, नवरा दर दहा मिनिटांनी काउंटरवर जाऊन येत होता, पण तिथे कोणाच्याच हातात काही नसतं हे धरूनच चला. पोहण्याचे कपडे, सनस्क्रीन आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, कारण जड बॅगा कधी कधी पुढच्या फेरीने येतात.

आणि मग ते विमान! ट्विन ऑटर, पंधराएक माणसांचं, एसी नाही, आवाज प्रचंड, कानात घालायला बोळे देतात, आणि पायलट चक्क अनवाणी. वर गेल्यावर मात्र कोणी बोलेना. खाली निळ्यावर निळी वर्तुळं, आत फिकट हिरवं पाणी, कडेला तपकिरी पट्टा, पट्ट्याच्या बाहेर एकदम काळपट निळं. तो तपकिरी पट्टा म्हणजे रीफ, प्रवाळाची भिंत. सगळा देशच या भिंतींवर उभा आहे, साधारण १,२०० बेटं आणि बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरही उंच नाही. भिंत लाटा अडवते म्हणून आतलं बेट टिकतं. खिडकी कुठलीही मिळाली तरी हे दिसतंच, फोन आधीच चार्ज करून ठेवा.

जेट्टीवर उतरलो तर घड्याळ एक तास पुढे करायला सांगितलं. बरेच रिसॉर्ट मालेपेक्षा एक तास पुढची स्वतःची वेळ लावतात, संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून. परतीच्या विमानाची वेळ मात्र मालेची असते, तेवढं डोक्यात ठेवा.

संध्याकाळी बेटाला चक्कर मारली, रमतगमत वीस पंचवीस मिनिटांत संपली. एक बेट एक रिसॉर्ट अशीच इथली पद्धत आहे, १९७२ मध्ये कुरुंबा हा पहिला रिसॉर्ट सुरू झाला तेव्हापासूनची. म्हणजे बाहेर जेवायला जाऊ, बाजारात फिरू असं काही नाही. हे ज्यांना अडकल्यासारखं वाटेल त्यांनी आधीच विचार करावा, आम्हाला त्या शांततेने दुसऱ्याच दिवशी पकडलं.

दुसरा दिवस

हा दिवस सविस्तर लिहिणार आहे.

आम्ही बीच व्हिला घेतला होता, दोन कारणांनी. एक तर आईला लाकडी पुलावरून रात्री ये-जा नको होती, आणि दुसरं म्हणजे आमच्या बाजूला रीफची कड किनाऱ्यापासून चाळीसेक मीटरवर होती. सरळ घरातून निघून पाण्यात. वॉटर व्हिला बहुतेक वेळा लगूनवर, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यावर असतात, खाली पांढरी वाळू, पाण्याचा रंग फोटोत येतो तो तिथलाच, पण मासे तुरळक. लहान मुलं असतील तर काही रिसॉर्ट वॉटर व्हिला देतच नाहीत, तेही विचारून घ्या.

सकाळी डाइव्ह सेंटरला गेलो. तिथे प्रत्येकाला आधी उथळ पाण्यात तपासतात, मगच हाऊस रीफवर, म्हणजे बेटाच्या स्वतःच्या रीफवर सोडतात. आई नुसती बघायला म्हणून आली होती. तिथला मालदीवचाच मुलगा, हिंदी सिनेमे बघून हिंदी बोलणारा, तिला म्हणाला, "आंटी, पानी में खड़े होकर सिर्फ मुंह अंदर डालना है, तैरना नहीं है." आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हंटलं, "अगं कमरेएवढंच तर आहे, मी हात धरते ना." मग त्याने तिच्या चेहऱ्यावर मास्क पट्टा न लावताच टेकवला आणि नाकाने श्वास आत घ्यायला सांगितलं, मास्क तसाच चिकटून राहिला, म्हणजे मापाचा. तिचे कपाळावरचे केस एकेक करून रबराच्या बाहेर काढले, एक केस जरी आत राहिला तरी तिथून पाणी शिरतं म्हणे. नळी तोंडात, दातांनी हलकेच धरायची, तोंडानेच श्वास, सावकाश. लाइफ जॅकेट घातलं, समोर एक रबरी रिंग दिली दोन्ही हातांनी धरायला.

पहिल्यांदा तिने तोंड घातलं आणि लगेच वर काढलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मात्र ती वरच येईना. मी घाबरून खांद्याला हात लावला तर तिने तो झटकला, आणि नळीतून काहीतरी ओरडली. खाली तिच्या पायापाशी दोन वीत लांबीचं शार्कचं पिल्लू फिरत होतं, पंखाच्या टोकाला काळा ठिपका असलेलं. ब्लॅकटिप म्हणतात त्यांना, पिल्लं घोट्याएवढ्या पाण्यात असतात, माणूस जवळ गेला की पळतात. या देशात २०१० पासून शार्क पकडायला बंदी आहे, त्यामुळे ते सर्रास दिसतात. आईला शार्क म्हणजे काय ते पाण्याबाहेर आल्यावर सांगितलं.

दुपारी भरतीला तो मुलगा आईची रिंग दोरीने ओढत पार कडेपर्यंत घेऊन गेला, आम्ही दोघं बाजूने. पाय टेकतील इतक्या पाण्यातून प्रवाळ सुरू होतात आणि मग एकदम जमीन संपते. खाली निळा अंधार, आणि भिंतीला लागून इतके मासे की कुठे बघू कळेना. निळे सर्जनफिश, पिवळेजर्द बटरफ्लायफिश, आणि पॅरटफिश, चोचीने प्रवाळ कुरतडणारे. तो कुरतडण्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, कुरूम कुरूम. त्यांच्या पोटातून जे बाहेर पडतं ती बारीक पांढरी वाळू, किनाऱ्यावरच्या वाळूत मोठा वाटा त्यांचाच. खोलीचे फोटो ज्या वाळूवर काढतो ती या माशांनी बनवलीये, म्हणून म्हणते आधी रीफ बघा.

काही गोष्टी तिथे शिकलो त्या सांगते. रीफवर जायच्या वाटा ठरलेल्या असतात, खांब किंवा बोये लावलेले असतात, तिथूनच जा, भलतीकडून गेलात तर ओहोटीला प्रवाळावर पोट घासतं. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हातही लावायचा नाही, तो दगडासारखा दिसला तरी जिवंत असतो आणि तुटलेला तुकडा वाढायला वर्षं जातात. आधी प्रवाहाच्या उलट जायचं, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणतं. एकट्याने जायचं नाही. टायटन ट्रिगरफिश नावाचा मोठा मासा अंगावर आला तर वर पळायचं नाही, आडवं निघून जायचं, कारण तो घरट्यापासून थेट वरपर्यंतची सगळी जागा आपली समजतो. आणि पाठ! पाण्यात उन्हाचा चटका कळत नाही, विषुववृत्त जवळ, ढग असले तरी भाजतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घालाच, मग सनस्क्रीनही कमी लागतं आणि ते पाण्यात कमी उतरतं, प्रवाळालाही बरं.

तिसरा दिवस

रात्रीपासून पाऊस. सकाळी आडवा, दुपारी थांबला, चारला परत. मान्सूनमध्ये असं होणार, पण अख्खा दिवस सलग कोसळला असं झालं नाही. समुद्र खवळला की डाइव्ह सेंटरवर लाल बावटा लागतो, त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.

म्हणून जेवणाबद्दल आणि बिलाबद्दल. बेटावर नदी नाही, शेती नाही, पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून तिथेच बनवतात, वीज तिथेच तयार करतात, मासे आणि नारळ सोडले तर जवळपास सगळं बोटीने येतं. त्यामुळे सगळं महाग असतं आणि ते का महाग आहे हे तिथे दिसतं. मेनूवर दराच्या पुढे दोन अधिक चिन्हं असतात, त्याचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर १७ टक्के कर. म्हणजे मेनूत ३० डॉलर दिसलं तर बिलात ३८ डॉलर ६१ सेंट. शिवाय ग्रीन टॅक्स, २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी रात्रीला १२ डॉलर, आमचे तिघांचे रात्रीला ३६ झाले.

त्यामुळे नुसता नाश्ता धरलेलं बुकिंग स्वस्त वाटतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हाफ बोर्डमध्ये नाश्ता आणि रात्रीचं जेवण, पण रात्रीच्या जेवणाबरोबरचं प्यायचं बऱ्याच ठिकाणी वेगळं, कधी कधी बाटलीतलं पाणीसुद्धा. दारू पिणारे असाल तर ऑल इन्क्लुझिव्हचा, म्हणजे खाणंपिणं सगळं धरलेल्या दराचा हिशोब करा, आमच्यासारखे न पिणारे असाल तर फुल बोर्ड, म्हणजे तिन्ही वेळचं खाणं पुरतं. कुठला प्लॅन कुठल्या रेस्टॉरंटला चालतो ते लेखी विचारून घ्या.

शाकाहाऱ्यांनी उपाशी राहायची भीती घालून घेऊ नये. आम्ही आधी ईमेल केला होता, पहिल्याच रात्री शेफ टेबलाशी येऊन आईला भेटले. बफेमध्ये डाळ, भाजी, रोटी होतीच, पण स्थानिक पदार्थांत ट्यूना कुठेही असतो, भाजीतही, विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्हा दोघांना मस हुनी फार आवडलं, ट्यूना, खवलेलं ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू एकत्र कालवतात आणि रोशी नावाच्या पातळ पोळीशी नाश्त्याला खातात. आईसाठी त्यांनी ट्यूना वगळून करून दिलं. तिने दुसऱ्या दिवशी परत मागितलं.

रोख म्हणाल तर सगळं खोलीच्या नावावर लागतं, शेवटी कार्ड. रुफिया, म्हणजे तिथलं चलन घ्यायची गरज पडली नाही, टीपसाठी सुट्टे डॉलर मात्र न्या.

चौथा दिवस

हानिफारू बे. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे आणि हानिफारू हा त्यातला सगळ्यात जपलेला तुकडा. नैऋत्य मान्सूनच्या दिवसांत भरतीबरोबर प्लँकटन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, या छोट्या खाडीत येऊन अडकतं आणि ते खायला मांटा येतात. येतीलच असं कोणी सांगत नाही. आदल्या दिवशी नाव देऊन ठेवायचं आणि निरोप आला की धावत जेट्टी गाठायची. आम्हाला दुपारी जेवताना निरोप आला, ताटं तशीच टाकून निघालो. आई आली नाही, पोहता न येणाऱ्यांनी तिथे उतरू नये असं गाइडने आधीच सांगितलं होतं आणि ते बरोबरच आहे, पाणी खोल आणि प्रवाह असतो.

तिथे स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी घेऊन खाली जायला बंदी, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरूनच बघायचं, गाइड बरोबर हवाच, पाण्यात पाऊण तास, बस. शिवायचं नाही, वाट अडवायची नाही. पाणी गढूळ दिसलं म्हणून मी हिरमुसले, तर गाइड म्हणाला गढूळ आहे म्हणजेच खाणं आहे. तोंड घातलं आणि समोरून एक मांटा थेट आला, जबडा उघडा, इतका की आतल्या पांढऱ्या कल्ल्यांच्या पट्ट्या दिसत होत्या. तीन मीटर तरी रुंद असावा. मी हलले नाही, हलू नका असंच सांगितलेलं असतं. माझ्या पोटाखालून गेला, अंतर हातभर, पण स्पर्श नाही, पाणीसुद्धा ढवळलं नाही. मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा, एकामागे एक गोल फिरत खात होते आणि मधे मधे उलटे होऊन पोट दाखवत होते. पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून अभ्यासक एकेक मांटा ओळखतात, आमच्या गाइडलाही दोन ओळखता आले.

नवरा बोटीवर चढला तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "याच्यासाठी मी परत येईन." मी पण येईन, पावसात, कमी दराच्या मोसमातच.

पाचवा दिवस

काही केलं नाही. खरंच, एक दिवस मोकळा ठेवा, स्पा आणि सहलींनी गच्च भरू नका. आई पहाटे वाळू झाडणाऱ्या मुलांशी गप्पा मारत बसली, त्यातला एक बांगलादेशचा, दोन वर्षांत घरी गेला नव्हता. राखाडी बगळा व्हिलासमोर उभा असायचा तासन्‌तास, आणि भरदुपारी मोठी वटवाघळं उडतात तिथे. संध्याकाळी डास होते, मलम न्याच.

दुपारी बेटावरच्या मरीन बायोलॉजिस्टचं छोटं भाषण होतं, फुकट असतं, चुकवू नका. १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षांत समुद्र तापून इथले प्रवाळ पांढरे पडले. पाणी जास्त दिवस गरम राहिलं की प्रवाळ आपल्या आतलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतो, त्याचं खाणं त्या शेवाळातूनच येतं, त्यामुळे पाणी लवकर निवलं नाही तर तो मरतो. म्हणून रीफवर काही भाग राखाडी, पडझड झालेला दिसतो, आणि जाहिरातीतल्या रंगांची अपेक्षा ठेवून गेलात तर धक्का बसेल. पण मासे आहेत, कासवं आहेत, आणि मेलेल्या फांद्यांवर नखाएवढे नवे प्रवाळ बसलेले त्यांनी आम्हाला पाण्यात नेऊन दाखवले. ते बघताना मला खूप बरं वाटलं आणि वाईटही.

बुकिंगच्या आधी रिसॉर्टला विचारायचं ते हेच. रीफची कड किनाऱ्यापासून किती मीटर, माझ्या खोलीच्या बाजूला आहे का, पोहत जाता येतं की बोटीने, आणि अलीकडचे फोटो आहेत का. ज्यांची रीफ चांगली ते दोन तासांत उत्तर देतात, आम्हाला एका ठिकाणाहून फक्त स्पाचं माहितीपत्रक आलं, तिथे आम्ही गेलोच नाही.

सहावा दिवस

परतीची सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी चिठ्ठीवर मिळाली, सकाळी सव्वासहा. रात्रीच बिल मागून घ्या, सकाळी गर्दी असते. आमच्या बिलात न प्यालेलं एक ज्यूस लागलं होतं, सांगितल्यावर लगेच काढलं. ओले कपडे आदल्या दुपारीच वाळत घाला, ओल्या फिन्स आणि टॉवेलने २० किलोचा काटा सहज ओलांडतो. स्कूबा केलं असेल तर विमानाआधी १८ ते २४ तास पाण्याखाली जायचं नाही, म्हणजे शेवटचा अख्खा दिवस गेलाच समजा, डाइव्ह पहिल्या दिवसांत उरकून घ्या.

शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका, प्रवाळ देशाबाहेर न्यायला बंदी आहे, आणि आपल्याला किरकोळ वाटणारा रिकामा शंख तिथल्या खेकड्याचं पुढचं घर असतो. आईने वाटेत डाइव्ह सेंटरवर थांबून त्या मुलाला विचारलं की रात्री टॉर्च घेऊन पाण्यात नेतात ते साठीच्या पुढच्यांना चालतं का. तो म्हणाला, चालतं, पण आधी पोहायला शिका. तिने आल्या आठवड्यातच क्लासला नाव घातलंय.